महाराजांचं पोट आणि गोजरीचं म्यान

कुंभेरीचे राजे तुंगसेन महाराज हसले, की त्यांची सुरी म्यानातून पडायची!

सुरी साधीसुधी नव्हती. महाराजांच्या मुठीचं माप घेऊन लोहाराने ती मुद्दाम घडवली होती. मूठ सांबरशिंगाची, धार वस्तऱ्यासारखी. पण महाराजांचं पोट मोठं आणि हसू त्याहून मोठं! एकदा सुरी बासुंदीत पडली. एकदा मुजरा करणाऱ्या परक्या राज्याच्या वकिलाच्या पगडीत उभी रुतली. म्यान इतकं सैल, की येईल तो दरबारी सुरी उपसून पेरू कापायला बसायचा.

तीन कारागिरांनी नवी म्यानं शिवली. तिन्ही फसली. शिक्षा काय? तिघांनी दिवसभर महाराजांच्या भोवती फिरायचं आणि पडणारी सुरी झेलायची! बिचाऱ्यांच्या दहाही बोटांना चिंध्या बांधलेल्या.

चौथी पाळी आली भिकोबा जीनगराची. खोगिरं आणि म्यानं शिवण्यात त्याची हयात गेली होती.

"ऐक भिकोबा!" महाराज गरजले. "आम्ही हसलो, धावलो, उलटे टांगले गेलो, तरी सुरी पडता कामा नये! आम्हाला मात्र ती दोन बोटांनी निघाली पाहिजे. गाठ नको, गुंडी नको, सोडत बसायला आम्हाला वेळ नाही. आणि दुसऱ्या कुणालाही ती निघता कामा नये! आठ दिवसांत म्यान आण, नाहीतर चौथा झेलकरी तू!"

घरी येऊन भिकोबाने लेकीला, गोजरीला, सगळं सांगितलं. "गोजरे, ही बोटं गेली तर म्या शिवायचं कशानं गं?"

गोजरी म्हणाली, "आबा, त्या तिघांनी सुरीचं माप घेतलं. पोटाचं कुणी घेतलं का?"

"महाराजांच्या पोटाचं? डोस्कं फिरलंय का तुझं!"

दुसऱ्या दिवशी गोजरी दोरी घेऊन दरबारात हजर!

"महाराज, पोट मापायचंय."

"उद्धट पोरी!" दिवाणजी किंचाळले. पण तोवर दोरी पोटाभोवती फिरली होती, आणि महाराजांना झाल्या गुदगुल्या! ते खो-खो हसले, पोट पुढे आलं, पोटाने म्यान पालथं केलं आणि सुरी खच्चकन दिवाणजींच्या नव्या जोड्यात घुसली.

"कळलं!" गोजरी म्हणाली. "सुरीचा दोष न्हाई." आणि मापासाठी सुरी मागून घेऊन, दोरी गुंडाळून ती चालती झाली.

घरी तिने जाड कातडं भिजवलं, सुरीवर गुंडाळलं आणि हाडाच्या पट्टीने दाबून दाबून सुरीचा आकार त्यात उतरवला. दोन दिवस ते सावलीत वाळलं. भिकोबाने मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घातले. शेवटी म्यानाच्या मागच्या बाजूला, तोंडापाशी, गोजरीने कातड्याची एक फुगीर उशी शिवली. ती कशाला, हे तिने आबांनाही सांगितलं नाही.

आठव्या दिवशी ती आबांना घेऊन दरबारात आली आणि सुरीसकट ते म्यान तिने महाराजांचं पोट आणि कमरपट्टा यांच्यामध्ये घट्ट खोचलं.

पालखीच्या आठ भोयांनी महाराजांना उलटं धरलं. मुकुट पडला, मोत्यांची माळ पडली, सकाळी लपवलेला लाडू पडला. सुरी जागची हलली नाही!

महाराज सरळ होऊन सिंहासनावर बसले, तसा दरबारचा पैलवान पुढे आला. मूठ धरून त्याने असा हिसका दिला, की सुरी आली नाही, महाराज आले! सिंहासनावरून तीन पावलं फरफटत!

"वा!" महाराज खूश झाले आणि त्यांनी दोन बोटांनी मूठ ओढली. सुरी निघेना. पुन्हा ओढली. तरी निघेना!

"अगं, आम्हालाही निघत नाही की!"

दिवाणजींनी लगेच भिकोबाच्या बोटांकडे पाहिलं. भिकोबाने हात पाठीमागे लपवले.

गोजरी शांतपणे म्हणाली, "महाराज, पोट आत घ्या."

असं महाराजांना त्यांच्या आईनेही कधी सांगितलं नव्हतं! पण महाराजांनी मोठा श्वास ओढला आणि पोट आत घेतलं. वीस वर्षांनी त्यांना स्वतःचे जोडे दिसले. आणि सुरी अलगद दोन बोटांत आली!

"हे कसं गं?"

"पोट त्या उशीला दाबतं, उशी सुरीचा गळा धरती. आपण जितकं हसाल, तितकी पकड घट्ट. आणि आपलं पोट आपल्याबिगर दुसरं कोण आत घेणार?"

दिवाणजी दात-ओठ खात म्हणाले, "शहाणे! आणि महाराज बारीक झाले तर? सुरी पडेलच!"

गोजरी म्हणाली, "दिवाणजी, ह्ये कातडं तीस वर्षं टिकतं. तेवढ्यात महाराज बारीक होतील, असं वाटतं का तुम्हाला?"

दिवाणजींनी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. 'नाही' म्हणायला उघडलं आणि तसंच ठेवलं!

ते पाहून महाराजांना जे हसू फुटलं, ते आवरेचना! त्यांनी घाईने सुरी म्यानात सारली आणि पोट धरून गदगदा हसले. झेलकऱ्यांनी सवयीने ओंजळी पुढे केल्या. ओंजळी रिकाम्याच राहिल्या!

"जा रे तिघे आपापल्या घरी!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "भिकोबा, आजपासून तू आमचा दरबारी जीनगर. आणि पोरी, हे तुझं बक्षीस!"

त्यांनी कमरेची सोनसाखळी काढून तिच्या हातात दिली. गोजरीने ती कमरेला गुंडाळली. चार वेढे झाले, आणि उरलेली आबांना पुरली!