कर्तरीने पाती मिटली

एके काळी तांबू नावाच्या गाईच्या अंगात कराळ नावाचा जंतू शिरला. त्याच्या पोटात कर्तरी नावाची कात्री राहत असे. कराळ विष बनवण्याचे हुकूम लांबलचक धाग्यांवर काढायचा. कर्तरी ते धागे योग्य जागी कापायची, तेव्हाच विष तयार व्हायचं. त्या विषाने तांबूच्या रक्तातल्या कितीतरी रखवालदार पेशी मेल्या होत्या आणि तांबू तापाने आडवी पडली होती.

शेवटी धवला नावाच्या रखवालदार पेशीने कराळाला अख्खा गिळला. कराळ आतून हसला. "कर्तरी, भराभर काप! हिलाही जाळून टाकू."

कर्तरीला धवलाचं कण्हणं ऐकू आलं. तिने आपली पाती मिटून घेतली. "आता नाही कापणार."

"वेडी आहेस का? मी मेलो तर तूही मरशील!"

"मरेन. पण माझ्यामुळे आता आणखी कोणी मरणार नाही."

न कापलेल्या धाग्यांचा गुंता वाढत गेला, पण विषाचा एक थेंबही तयार झाला नाही. धवलाने कराळाला पचवून टाकलं, आणि त्याच्यासोबत कर्तरीही संपली.

सकाळी तांबू उठून उभी राहिली आणि वासराला चाटू लागली. धवलाने आपल्या पोटात ऐकलेलं सगळं इतरांना सांगितलं होतं, आणि तांबूच्या नसानसांतून रखवालदार पेशी शत्रूकडच्या त्या कात्रीचा जयजयकार करत धावत होत्या.