पोळपाटावरचा फेस

भांडी मोठ्यानं बोलायची आणि माणसं मुकाट ऐकून घ्यायची, त्या काळातली ही गोष्ट.

एका स्वयंपाकघरात व्हिनेगरची बाटली राहायला आली. आल्या दिवशीच तिनं नळावरचा क्षारांचा पांढरा थर उतरवला. नळ लखलखला. तेव्हापासून तिला जिकडेतिकडे मळच दिसू लागला.

संगमरवरी पोळपाटावर हळदीचा एक जुना डाग होता. लाटणं म्हणालं, "असू दे की. पोळ्या होतायत ना गोल?" पण पोळपाटाला नळाचा हेवा वाटत होता. "ओता बाई," तो म्हणाला.

बाटलीनं व्हिनेगर ओतलं. बारीक फेस आला. "बघा, मळ कसा वर येतोय!" बाटली म्हणाली. पोळपाटाला गुदगुल्या झाल्या. तो म्हणाला, "आणखी ओता."

फेस ओसरला. डाग जागच्या जागी होता. चकाकी तेवढी गेली होती आणि अंग खरखरीत झालं होतं. दुपारी पहिलीच पोळी त्याला चिकटून फाटली.

"एवढा मळ निघाला, तरी असं कसं?" बाटलीनं विचारलं.

"बाई, वर आला तो मळ नव्हता," पोळपाट म्हणाला. "तो मीच होतो."

बाटलीचं लक्ष नव्हतं. ती बिडाच्या तव्याकडे बघत होती. "अगंबाई," ती म्हणाली, "किती काळा हा!"