कडजाईच्या घाटातला शीणधोंडा

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा, म्हणजे मी तुम्हाला शहाणं म्हणीन. शिकलेली माणसं तुम्ही, तुम्हाला कुठलं पटायला! मी दुसरीतनं शाळा सोडली, म्हणून मला सगळं पटतं.

ओ दादा, ती पिशवी काढा आधी त्या धोंड्यावरनं. न्हाई, रागवत न्हाई मी. पण तिथं न बोलता ओझं ठेवायचं नसतं. बघा नीट. ह्या चारशे पायऱ्यांच्या बरोबर मधी, छातीएवढा उभा, वरनं पाटासारखा सपाट. ह्या डोंगराचा दगड सगळा काळा, आन् हा एकटाच तांबूस. ताई, वर हात फिरवा. गोल खळगा लागला? ओला लागला? वैशाख चाललाय, खाली विहिरीनं तळ दाखवलाय, आन् हा ओला. ह्याला शीणधोंडा म्हणतात.

आता शीण म्हणजे काय, ते सांगा बघू. दमणं? चुकलात. दमलेलं माणूस घोटभर पाणी पितं, घटकाभर टेकतं, परत चालायला लागतं. शीण तसा जात न्हाई. तो हाडात उतरतो. रात्रभर झोपून सकाळी उठावं, तर तो आपल्या आधी उठून बसलेला. आमच्याकडं हा शब्द पूर्वी कुणी तोंडातनं काढत नसे म्हणे. बाईनं तर न्हाईच न्हाई.

असं सांगतात, की तवा चैतात वरच्या कडजाई देवीच्या न्हाणाला खालच्या झऱ्याचं पाणी लागायचं. घरटी एक बाई, डोक्यावर एक घागर. नेम असा, की वर पोचेस्तोवर घागर टेकायची न्हाई, दुसरीनं हात लावायचा न्हाई, आन् 'शिणले' म्हणायचं न्हाई. जिची घागर टेकंल तिला त्याच दिवशी माहेरी धाडायची, परत आणायची न्हाई. हा नेम देवीनं घातला का ढोल वाजवत रिकाम्या हातानं पुढं चालणाऱ्या बाप्यांनी, ते मला इचारू नका. मला अजून ह्या गावात राहायचंय.

त्या साली धुरपा नावाची सून पाण्याला निघाली. नववा महिना लागलेला. नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला. माहेरी म्हातारा बाप तेवढा, तोबी दुसऱ्याच्या ओसरीवर. घरातनं काढली असती तर ती आन् तिचं लेकरू जाणार कुठं? तिची सासू बयजा म्हातारी तिच्या मागच्याच पायरीवर, आपली घागर घेऊन. बयजा मनानं वाईट नव्हती. पण चाळीस वर्सं तिनं न बोलता पाणी वाहिलेलं. तिला वाटायचं, बाईचं असंच असतंय.

निम्म्यावर धुरपाचे पाय थांबले. इथंच.

बयजा मागनं हळूच म्हणाली, "चल ग, पाटील बघतोय."

"आत्या, दमले असते तर चालले असते," धुरपा म्हणाली. आन् मग सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं बोलली, "मी शिणले!"

ढोल थांबला. आन् पायरीच्या कडेची माती हलली. हसा, हसा, मीबी लहानपणी हसले व्हते. माती फुगली, फाटली, आन् आतनं हा धोंडा वर आला. सावकाश, गाय बसलेली उठते ना, तसा. ओल्या मातीनं माखलेला. गुडघ्याएवढा झाला, कमरेएवढा झाला, आन् धुरपाच्या छातीशी येऊन थांबला. तिनं जरा वाकून मान कलती केली. घागर चुंबळीसकट धोंड्यावर उतरली. थेंब सांडला न्हाई.

एवढं डोळ्यानं बघितलं, तरी रावजी पाटील वरनं ओरडत आला. "घागर टेकली! पाणी बाटलं! आजच हिला माहेरी पोचवा!" आन् पाणी ओतून टाकायला त्यानं घागरीला हात घातला.

घागर हलंना.

दोन गडी बोलावले. तालमीतला एक पैलवान आला, मिशीला पीळ भरून. घागर मातीची, पण फुटंना आन् सुटंना. पैलवान घामानं न्हाला. देवीच्या आधी त्याचंच न्हाणं झालं.

मग बयजा पुढं आली. सुनेची घागर म्हणून हात लावला, नेम मोडून. उचलायला गेली न्हाई ती, नुसता तळवा टेकला आन् खालच्या आवाजात देवीला म्हणाली, "मी बी शिणलेय ग, आई. चाळीस वर्सं झाली."

आन् घागर बोटभर वर आली.

मग काय! एकेक बाई येऊन हात ठेवायला लागली. एक म्हणाली, नवऱ्याच्या दुखण्यानं शिणले. एक म्हणाली, पोरगी नांदत न्हाई, रोज दाराकडं बघून शिणले. एकीला सांगताच येईना, ती नुसती रडली. तेबी चाललं. दर बाईगणिक घागर हलकी होत गेली. वीतभर वर आली, आन् थांबली.

कुणाचं तरी राह्यलं व्हतं. बायकांनी बघितलं, तर पाटील खाली मान घालून उभा.

तीन सालांमागं त्याचा तरणा ल्योक नदीला वाहून गेला व्हता. दुसऱ्याच दिवशी हा पागोटं बांधून चावडीवर बसला. गावानं त्याच्या डोळ्यात पाणी बघितलं नव्हतं. बयजा त्याला म्हणाली, "रावजी, लागू दे हात. तुला कोण कुठं धाडणार हाय?"

पाटलानं हात लावला. शेवटी म्हणाला, "शिणलो." आन् पायरीवर बसून लेकराचं नाव घेऊन रडला.

घागर फुलासारखी उचलली, खाली तिच्या बुडाचा हा ओला खळगा तेवढा राह्यला. एका बाजूनं धुरपानं, दुसऱ्या बाजूनं बयजानं. त्याच पाण्यानं देवी न्हाली, आन् त्या न्हाणाइतकं तेज मूर्तीवर परत कधी दिसलं न्हाई म्हणतात. तिसऱ्या दिवशी धुरपा बाळंत झाली. स्वतःच्या घरी, सासूच्या हातावर. पोरगी झाली. पाटलानं पेढे नव्हते तर गूळ वाटला.

आजही कडजाईच्या पाण्याची घागर दोघींनीच उचलायची, आन् इथं थांबायचं. एकीनं धोंड्याला हात लावून शीण सांगायचा, दुसरीनं मधी न बोलता ऐकायचा. मग अदलाबदल. बाप्यांनाबी सूट न्हाई. मागं एक साहेब आला, 'मला कसला शीण' म्हणाला. नारळाची पिशवी घेऊन निघाला, दहा पायऱ्यांवर बसला तो बसला. दोघांनी धरून खाली आणला. पिशवीत नारळ किती? दोन!

पटलं न्हाई ना? नका पटवून घेऊ. पण ताई, तुम्ही मघापासनं धोंड्यावरचा हात काढलेला न्हाई. राहू दे. दादा, तुम्ही तिकडं दरी काय बघताय, ह्यांच्याकडं तोंड करून बसा आन् ऐका. मधी बोलायचं न्हाई. सगळं सांगून झालं की मगच वर जायचं.

माझ्याकडं नका बघू, मी ऐकणार न्हाई. मी पाठ फिरवून बसले. चला, लागा आता सांगायला.