निळा डाग

फार पूर्वी, दिवसभर धुक्यात बुडालेल्या एका नदीच्या काठी रायबा नावाचा धारवाला राहायचा. नदीवर आडवा दोर होता, दोरावर कप्पी आणि कप्पीत एक पोलादी खीळ. त्या खिळीच्या भरवशावरच नाव वाहून न जाता पैलतीरी पोचायची.

दरवर्षी जत्रेआधी रायबा नवी खीळ घासायचा. गावची रीत होती: सहाणेच्या चाकावर तीन फेरे, मग पाणी, मग खिळीवर हात. हाताला सोसेल तेवढंच तापवायचं, मग तीन दिवस लागले तरी चालतील. आणि जत्रेच्या पहिल्या नावेत खीळ घासणाऱ्याचंच लेकरू बसवायचं.

यंदा रायबाला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे! "तीन दिवस कशाला? न्याहारीपर्यंत देतो की!" अशी बढाई मारून बसला. पाणी नाही, विसावा नाही, चाक नुसतं गरगर. धुक्यात ठिणग्यांची फुलं उमलली. त्याची चिमुरडी लेक चंपी टाळ्या पिटू लागली. तेवढ्यात खीळ फार तापून निळी पडली.

रायबा चरकला. पण कुणाला कळायच्या आत त्यानं वाळूनं तो डाग घासून काढला. खीळ पुन्हा लखलखली.

चंपीनं गार झालेली खीळ कानाला लावली. "बाबा, ही रडतेय! म्हणते, तापले तेव्हा माझी कातडी फुगू बघत होती, गार झाल्यावर आखडली. आतलं अंग जागचं हललं नाही. आता कातडी ओढलेलीच राहिलीय."

"चल, वेडाबाई! लोखंड कुठं बोलतं?"

पहिली नाव चंपीला घेऊन सुखरूप गेली. रायबानं हुश्श केलं. आठ दिवस गेले. नवव्या सकाळी चंपी मावशीकडे निघाली. वारा नव्हता, पूर नव्हता, नावेत ती आणि नावाडी दोघंच. मधोमध खीळ टणकन तुटली आणि नाव धुक्यात दिसेनाशी झाली.

"चंपे! अगं चंपे!" रायबा ऊर फुटेस्तोवर काठाकाठानं धावला. दुपारी खालच्या वळणावर, लव्हाळ्यात अडकलेली नाव सापडली. दोघंही भिजले होते, पण जिवंत होते. लेकीला पोटाशी धरून रायबा ढसाढसा रडला आणि त्यानं निळ्या डागाची गोष्ट गावासमोर सांगून टाकली.

पुढची खीळ त्यानं तीन दिवस घासली. पाणी घालत, हात ठेवत.

"बस बाळा, आता काही होत नाही," तो म्हणाला.

चंपी हसली. पण नावेत पाय ठेवण्याआधी, खिळीला लावला होता तसा, तिनं बाबाच्या छातीला कान लावला. त्या दिवसापासून ती दर वेळी लावायची.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: घाईनं पडलेला डाग वरून पुसता येतो, आत राहिलेला ताण पुसता येत नाही, म्हणून हाताला सोसेल तेवढंच तापवा.