फादर गेरुंगचा उंबरा

फार वर्षांपूर्वी, घड्याळं नव्हती आणि घाईही नव्हती तेव्हा, दूर बर्फाच्या डोंगरांत आल्मेन नावाचं गाव होतं. गावाच्या वर संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणारा मठ होता. तिथे नव्याने आलेल्यांना फादर गेरुंग शिकवत. माणूस भारी काटेकोर. घंटा अवेळी वाजवली, तर वाजवणाऱ्याने चर्चच्या उंबऱ्यावर पालथं पडायचं आणि बाकीच्यांनी त्याला ओलांडून आत जायचं. त्यात ते कुणालाच सूट देत नसत.

नव्यांना ते मठाच्या नियमातला पहिलाच शब्द देत, 'ऐक'. गाय रवंथ करते तसा तो वर्षभर चघळायचा. एकाला म्हणे शेवटी गवत वाढताना ऐकू यायचं. खरं-खोटं त्यालाच ठाऊक.

गावातल्या पाणचक्कीवाल्याचा मुलगा वीडो चार दिवस दार ठोठावून मठात शिरला होता. नऊ महिन्यांत तो कंटाळला.

"फादर, एका शब्दावर किती दिवस काढू? माझे कपडे द्या, मी घरी जातो."

येणाऱ्याचे जुने कपडे मठ पेटीत जपून ठेवत असे. गेरुंगनी ते काढून दिले. "दुपारच्या प्रार्थनेपर्यंत बस, मग जा."

वीडो कपडे मांडीवर घेऊन बसला. जरा वेळाने म्हणाला, "फादर, आमची चक्की थांबलीय. ओढाही वाजत नाही."

बर्फ वितळायच्या दिवसांत ओढा गप्प झाला, म्हणजे वर दरड कोसळून पाणी तुंबलेलं असतं. तुंबलेलं पाणी सुटलं की खालचं गाव उरत नाही. गेरुंगनी धावत जाऊन घंटा ओढली.

मठाची घंटा कधी अवेळी वाजत नाही, हे गावाला पक्कं माहीत होतं. म्हणूनच भट्टीतला पाव तसाच टाकून सगळे वर धावले. पाहतात तो फादर उंबऱ्यावर पालथे.

"उठा हो फादर," वीडोची आई रडत म्हणाली. "तुम्हाला ओलांडून कशी जाऊ?"

"पाय उचलून," ते म्हणाले. "आणि लवकर."

शेवटचं पोर आत गेलं आणि पाणी आलं. चक्की गेली, घरं गेली, माणूस एकही गेलं नाही. पाणी चढत चढत फादरांच्या झग्यापर्यंत आलं आणि तो न भिजवता मागे फिरलं, असं म्हणतात.

वीडो घरी गेला नाही. त्याचे कपडे मठात अजून दर वसंतात ऊन दाखवून परत पेटीत ठेवतात.

आणि आल्मेनची माणसं आजही चर्चच्या दाराशी क्षणभर थांबतात, ओढा वाजतोय ना ते ऐकतात, मग पाय चांगला उंच उचलून आत जातात. पोरं विचारतात, इथे तर काहीच नाही, मग कशाला?

"फादर आहेत," मोठी माणसं सांगतात. "पाय उचल."