शेवटच्या पायरीवरचा पंचा

एकदा एका नदीकाठच्या गावी एक वस्ताद राहत. त्यांची तालीम घाटाला लागून होती आणि घाट चढला की लगेच बाजारपेठ. कुस्ती शिकवणारे वस्ताद गावोगाव असतात. हे पोहायला शिकवत. नवख्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा, त्याला डोहात सोडायचे आणि आपण काठावर निवांत पान लावत बसायचे, अशी त्यांची पद्धत. तालमीचा नियम एकच. लंगोट लावून पाण्यात वाटेल तेवढे हुंदडा. पण घाटाची शेवटची पायरी ओलांडायची तर कमरेला पंचा हवा. त्यासाठी वरच्या कडुनिंबाला खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांवर पंचे टांगलेले असत. पोहण्याचा वेश पाण्याबाहेर कुठवर चालतो, हा वाद काही आजचा नाही. त्या गावाने तो एका पायरीपाशी मिटवून टाकला होता.

वस्तादांचा एक आवडता शिष्य होता. चढत्या पुरात पैलतीर गाठून हसत परत येणारा. शरीर कमावलेले, आणि ते कमावलेले आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. डोहातून निघाले की भूक खवळे, आणि भज्यांची गाडी पेठेच्या तोंडाशीच. एके दिवशी त्याने पंचा खुंटीवरच राहू दिला आणि ओल्या लंगोटानिशी, अंगावरून पाणी निथळत, तो भजी खायला जाऊन उभा राहिला. कुणी काही बोलले नाही. मग ते रोजचेच झाले. तो दिसला की भाजीवाल्या बायका माना खाली घालून मेथीच्या जुड्या पुन्हा पुन्हा रचत बसत. याला वाटे, काय आपला दरारा आहे!

अखेर समोरचे कापडवाले शेटजी घाट उतरून आले.

"वस्ताद, तुमचा हा हिरा जरा आवरा. माझं दुकान लुगड्यांचं. सासुरवाशिणी, लेकीबाळी येऊन बसलेल्या असतात, आणि समोर हे ध्यान भजी चापत उभं! काल एक बाई घडी न उलगडता उठून गेली हो. काय सांगू मी तिला?"

वस्तादांनी शिष्याला सर्वांसमक्ष बोलावले. "आजपासून तुला पाणी बंद. वरच्या पायरीवर उभा राहा आणि येईल-जाईल त्याला पंचा दे." एवढेच बोलून ते पुन्हा पान लावू लागले.

शिष्याची कानशिले तापली. ज्या पोरांना त्याने भोपळा बांधून पाण्यात ढकलले होते, ती आता त्याच्याकडून पंचा घेताना गालात हसत. त्याने मनाशी खूणगाठ बांधली, की पुन्हा म्हणून अशी नाचक्की होऊ द्यायची नाही. आणि मनुष्य एकदा दुखावला की नियमाचा जो कैवारी होतो, तो नियम करणाऱ्यालाही भारी पडतो. एका सकाळी एका म्हाताऱ्याची म्हैस डोहातून उठली ती थेट पेठेकडे सुटली. मागून म्हातारा नुसत्या लंगोटीवर धापा टाकत आला. शिष्याने दोन्ही हात पसरून त्याला अडवले.

"आजोबा, आधी पंचा."

"अरे बाबा, म्हैस गेली!"

"जाऊ दे. नियम म्हणजे नियम."

म्हाताऱ्याने कसाबसा पंचा गुंडाळेपर्यंत म्हशीने मेथीचा फडशा पाडला होता. भाजीवालीने मग म्हाताऱ्याचा, म्हशीचा आणि पंचे वाटणाऱ्याचा असा तिघांचा यथासांग उद्धार केला. वस्ताद खालून पाहत होते. ते नुसते हसले. शिष्याला वाटले, गुरू प्रसन्न झाले. काही दिवसांनी त्याला पाणी पुन्हा खुले झाले, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली.

पुढे एका बाजाराच्या दिवशी पेठ नुसती फुलली होती. वस्ताद आणि शिष्य दोघेही डोहात होते. इतक्यात वरून किंकाळी आली. "पडली! विहिरीत पडली! सगू पडली हो!"

पेठेच्या मधोमध एक जुनी पायऱ्यांची विहीर होती. शेटजींची धाकटी नात सगू काठावर वाकली आणि आत गेली. पेठेत तराजू धरणारे पुष्कळ, पोहणारा एकही नाही. कुणी दोर टाकत होता, कुणी देवाचा धावा करत होता, शेटजी काठावर गुडघे टेकून नातीला हाका मारत होते.

शिष्य चपळ. तो वस्तादांच्या कितीतरी आधी पाण्याबाहेर आला, पायऱ्या चढला, शेवटच्या पायरीवर पोहोचला आणि थबकला. समोर सगळी पेठ. तीच भाजीवाली, तेच दुकान. त्याचा हात खुंटीकडे गेला. ओल्या अंगाला पंचा धड गुंडाळेना. टोक खोचावे तर निसटे. तेवढ्यात कुणीतरी वाऱ्यासारखे त्याच्या अंगावरून पुढे गेले. ते वस्ताद होते. पिकल्या केसांचे वस्ताद, अंगावर फक्त लंगोट, भर बाजारातून वाट काढत धावत होते. शिष्य पंचा खोचून विहिरीपाशी पोहोचला, तेव्हा त्यांनी केव्हाच सूर मारला होता.

वर जमलेले सगळे कठड्यावरून वाकून बघत राहिले. मग वस्ताद पाण्यावर आले, हातात सगू. आतल्या दगडी पायऱ्यांवर उतरलेल्या माणसांनी तिला झेलले, पालथी धरली. ती खोकली, ओकली आणि मोठ्याने रडू लागली. ते रडणे ऐकून शेटजीही रडले. सारी पेठ रडली आणि हसली.

"वस्ताद, वर या!" लोक ओरडू लागले. कुणी हार आणायला धावले.

वस्ताद छातीभर पाण्यात पायरी धरून उभे राहिले. हलेनात. अंग थंडीने कापत होते. लोकांना वाटले, म्हाताऱ्याला लागले बिगले की काय. शिष्य पायऱ्या उतरून खाली गेला. आज तालमीतून आपले नाव गेले, असे तो धरूनच चालला होता.

"वस्ताद, हात द्या."

"आधी पंचा आण."

शिष्य चक्रावला. "पंचा? अहो, आत्ता सगळ्या पेठेतून असेच धावत आलात ना?"

"आत्ता पोरगी बुडत होती. आता कोण बुडतंय?"

वस्ताद हळू आवाजात बोलू लागले. "येताना माझ्या लंगोटाकडे कुणाचं लक्ष नव्हतं रे. सगळ्यांचे डोळे विहिरीवर. आता पोरगी आईच्या कुशीत गेली. बघायला राहिलो मी. मला या अंगाची लाज नाही. पण वर बायाबापड्या उभ्या आहेत, त्यांनी मान कुठे वळवायची? ही जागा त्यांची आहे. पंचा त्यांच्यासाठी." ते थांबले, एकवार शिष्याच्या कमरेकडे पाहिले. "तू भजी खायला पंचा टाकून गेलास, तेव्हा स्वतःकडे बघत होतास. आज पंचा बांधत बसलास, तेव्हाही स्वतःकडेच. म्हशीच्या दिवशीच सांगणार होतो मी तुला. राहून गेलं, ती चूक माझी."

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. पोरगी गेली असती तर, हा विचार त्याच्या काळजात रुतून बसला. त्याने क्षणभरही न थांबता कमरेचा पंचा सोडला आणि वस्तादांना दिला. वस्ताद तो नीट नेसले, मग वर आले आणि लोकांनी त्यांना उचलून घेतले.

मागून शिष्य वर आला. ओला लंगोट आणि उघडे अंग, तोच वेश आणि तीच पेठ. बायकांचे लक्ष सगूकडे होते. याला मात्र आता जागच्या जागी उभे राहवेना. तो विहिरीच्या कठड्याआड सरकला. तेवढ्यात शेटजी त्याच्याजवळ आले. त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि स्वतःच्या हातांनी त्याच्या कमरेला गुंडाळले.

"घे बाळा," ते डोळे पुसत म्हणाले, "दुकानात बायका बसल्यात."

त्याचे नाव तालमीतून गेले नाही. पुढे वरच्या पायरीवर पंचे द्यायला तो आपण होऊन उभा राहू लागला. मात्र म्हशीमागे धावणाऱ्याला त्याने पुन्हा कधी अडवले नाही. पंचा घेऊन तोच त्याच्या मागे धावे.