तीनदा कापलेल्या पदराची कहाणी

ऐक गे पदरमाये, तुझी कहाणी. बायांनो, चिमूटभर तांदूळ हातात धरा, बोलणं थांबवा, नि तुम्हीही ऐका.

आटपाट गाव होतं. घरोघर माग होते, उजाडल्यापासून धोट्यांचा आवाज चाले. तिथं तानू नावाची कोष्टीण राही. नवरा लिंबाजी ताणा लावी, तानू विणी. तिच्या हातचं लुगडं राणीनं नेसावं असं.

त्या गावचा एक नेम होता. श्रावणातल्या शुक्रवारी भर दुपारी जी सवाष्ण दारी येईल, तिच्या सुपातलं वाण पदर पसरून घ्यावं. काय आहे विचारू नये. वाण भुईवर ठेवू नये. भुईवर ठेवलं की ते भुईचं झालं.

तानूनं एके वर्षी वाण घेतलं. मुलगा झाला. सहाव्या महिन्यात गेला. दुसऱ्यांदा घेतलं. मुलगी झाली. चालायला लागली, आई म्हणायला लागली, मग तीही गेली.

मग तानूनं काय केलं? रडली नाही, ओरडली नाही. मागावर बसली. सोळा हातांचं लुगडं तेरा हातांवर तोडलं. पदर विणलाच नाही. तेच नेसली. खांद्यावर आलं नि संपलं, तिथं गाठ मारली. पाणवठ्यावर बाया हसल्या. "तानू, सूत सरलं का गं? का लिंबाजीचं धोतर नेसलीस?"

तानू म्हणाली, "पदर असला की कुणी त्यात घालतं. घातलं की कुणी काढून नेतं. मला पदरच नको."

पुढं तिला दिवस गेले. नववा लागला, आणि पोटातलं हलायचं थांबलं. सोना सुईणीनं हात ठेवला, कान लावला. "आहे गं आत. पण गप्प आहे," एवढंच म्हणाली.

श्रावणातला पहिला शुक्रवार आला. माध्यान्हीचं ऊन. दारात एक म्हातारी सवाष्ण उभी. कपाळभर कुंकू, हातात सूप, सुपावर फडकं. अंगणात तुळशीची सावली पायाशी पडली होती, म्हातारीची नव्हती. आणि फडकं वर होत होतं, खाली होत होतं. आत कुणी निजलेलं असावं तसं.

"तानू, वाण घे."

"मला पदर नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि गेली.

सकाळी तानू उठली, तो खांद्यावरच्या गाठीतून वीतभर लाल पदर लोंबतोय. घरात लाल सूत नव्हतं. तिनं मागावरची कात्री घेतली, कापला. सूत कापताना कधी आवाज होतो का? त्याचा झाला. कुर्र झालं. तानूनं तो तुकडा मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्यात टाकला.

दुसरा शुक्रवार आला. म्हातारी आली. सूप जरा तिरकं धरलं होतं. फडकं वर होत होतं, खाली होत होतं.

"तानू, वाण घे."

"सांगितलं ना, पदर नाही!"

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि गेली. सकाळी हातभर पदर. मग तानूनं कात्री घेतली, कापला. कुर्र झालं. कात्री ओली झाली. तिनं ती पुसली, कशानं ओली झाली ते पाहिलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी म्हातारीच्या हाताला चिंधी होती. तानू आतूनच ओरडली, "नाही, नाही, नाही!" सकाळी पदर कमरेपर्यंत आलेला. लिंबाजीनं हात धरला. "अगं, काय करतेस? कुणी तरी देतंय तर घे ना!"

"दोनदा घेतलं, तेव्हा माती तुम्ही लोटलीत. विसरलात?"

लिंबाजीचा हात गळला. तानूनं कापला. कुर्र.

चौथा शुक्रवार आला. सकाळपासून कळा लागल्या. भर दुपारी मुलगी झाली, निळी आणि गप्प. सोनानं पाठ चोळली, पाणी शिंपडलं, फुंकर घातली. पोर रडेना. तोच दारात म्हातारी. सुपावरचं फडकं वर होत होतं, खाली होत होतं. पोराची छाती मात्र हलत नव्हती. तेव्हा तानूला कळलं, सुपात काय आहे.

सोनानं आपला पदर पुढं केला. "यात घाल, माये!" लिंबाजीनं उपरणं पसरलं. म्हातारी म्हणाली, "तिचं तिलाच."

तानूनं खांद्याकडं पाहिलं. पदर पावलांपर्यंत आला होता. उशाशी नाळ कापलेली कात्री. तिनं ती उचलली.

"मी नाही म्हटलं तर चालत नाही का?"

"चालतं की. तीनदा म्हणालीस, तीनदा मी गेले."

"मग परत का येतेस?"

"तुझं 'नाही' मी ऐकते गं. माझं येणं तेवढं थांबत नाही."

"आणि हा पदर?"

"विणते मी. पसरायला हात तुझेच लागतात."

तानूनं कात्री उघडली. आणि तिची नजर म्हातारीच्या हातावर गेली. चिंधी सुटली होती. सूप दोन बोटांवर तोललं होतं.

"तुझी बोटं कुठं गेली?"

"विणत होते. तुझी कात्री आली, हात काढायला वेळ झाला नाही."

"मग मी आता कापलं तर?"

म्हातारीनं हाताकडं पाहिलं. "दोन आहेत अजून," म्हणाली.

तानूच्या हातातून कात्री पडली. ती ऊर फुटून रडली, दोन पोरांचं राहिलेलं रडं त्या दुपारी रडली. रडता रडता विचारलं, "ही राहील का गं माझ्यापाशी?"

"ते सांगायला मी आले नाही. द्यायला आले."

मग तानूनं पदर पसरला. म्हातारीनं सूप कलतं केलं. सुपातून काही पडलेलं कुणाला दिसलं नाही, पण पदर जड झाला. तानूनं तो पदर पोरावर घातला, आणि पोर रडलं. असं रडलं, की गावातले धोटे थांबले. तानूनं मान वर करून पाहिलं तर दारात ऊनच ऊन.

संध्याकाळी लिंबाजीनं मागाचा खड्डा पाहिला. तुकडे नव्हते. पदरावर मात्र तीन जोड होते, बोटाएवढाले.

ती मुलगी जगली. आईच्या मागावर बसली, तानूच्या मांडीवर तिची पोरं खेळली. आणि त्या गावच्या कोष्टिणी अजून प्रत्येक लुगड्याचा पदर तीन बोटं जास्त विणतात. कुणासाठी, ते गिऱ्हाइकाला सांगत नाहीत.

पदरमाये, तानूनं तुला तीनदा परतवलं, तरी तू आलीस. आम्ही परतवलं तर आमच्याही दारी अशीच ये, आणि तुझी बोटं शाबूत असताना आमचे हात पुढं होऊ दे. तानूचा पदर भरला तसा ऐकणारीचा भरो, वाचणारीचा भरो. साठा उत्तरांची ही कहाणी पाच बोटांवर मोजली, दोन बोटांवर तोलली, आणि इथं सुफळ संपूर्ण झाली. तांदूळ आता पदरात टाका, बायांनो. भुईवर नको.